पार्वताबाईचं मत

अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस यायचा थांबला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची ओढ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीच्या आसपास जो तो कापूस पेरत होता. ज्वारीची वावरं गेली, गुरं चारायची पडीक जमीन गेली, काहींनी तर घरामागची परसबागही नांगरली. शहराच्या अंबा दरवाज्याबाहेर नाल्याच्या काठी पार्वताबाईचा तीन एकरांचा ओलिताचा मळा होता. तेवढा मात्र हिरवा राहिला. तिच्या मुलाने, खुशालने, एकदोनदा म्हणून पाहिलं, "माय, आपणबी सरकी टाकू." पार्वताबाई म्हणाली, "सगळे कापूसच लावतीन तं लोक संध्याकाळी काय शिजवतीन? रुई?"

तिचं म्हणणं खरं निघालं. व्यापारी, दलाल, गाडीवान, गठाणी बांधणारे हमाल यांनी शहर फुगलं होतं, आणि भाजी कुठे मिळेना. पार्वताबाईची टोपली दुपारच्या आत रिकामी होई.

ती तेव्हा पन्नाशीची होती. उंच, काळीसावळी, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला कळावं. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. बायका तिला मावशी म्हणत आणि जरा भीतही. कारण वांगं किडकं असलं तर ती स्वतःच सांगे, "हे नको घेऊ, आतून गेलं हाय." आणि चांगल्या वांग्याला कोणी नाव ठेवलं तर त्या गिऱ्हाइकाची धडगत नसे.

अशा या बाईच्या आयुष्यात पुस्तकं आली ती सुनेमुळे.

सून सुभद्रा रिद्धपूरची. तिच्या माहेरच्या घराला लागून महानुभावांचा मठ होता. तिथल्या एका म्हाताऱ्या तपस्विनीला या पोरीचा लळा लागला, आणि तिने धुळीवर बोट फिरवून तिला अक्षरं शिकवली. लग्न होऊन अमरावतीला आल्यावर दोन वर्षं सुभद्राने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

मळ्यावर अधूनमधून नत्थुजी नावाचा फेरीवाला पाणी प्यायला थांबे. तो पंचांगं, पोथ्या आणि मुंबई-पुण्याकडे छापलेली नवी पुस्तकं गाठोड्यात बांधून अमरावतीपासून अकोल्यापर्यंत विकत हिंडायचा. एका दुपारी तो गाठोडं आंब्याखाली ठेवून विहिरीवर गेला. सुभद्रा तिथेच मेथी निवडत बसली होती. गाठोड्याची गाठ सैल होती. तिने वरचं पुस्तक उचललं आणि हलक्या आवाजात वाचू लागली.

"काय पुटपुटून राहिली वं?" मागून पार्वताबाई म्हणाली.

सुभद्राच्या हातून पुस्तक पडलं. "वाचून राहिली, आत्याबाई."

"तुले वाचता येते?"

सुभद्राने होकाराची मान हलवली.

"अन् दोन साल झाले, सांगितलं कावून नाही?"

"भेव वाटलं. लोक म्हणतात, बाई वाचाले लागली का नवऱ्याचं वाईट होते."

पार्वताबाईने विहिरीकडे पाहिलं. खुशाल मोट हाकत गाणं म्हणत होता. "तो पाह्य. दोन सालापासून तू अक्षरं पोटात घेऊन त्याच्या घरात बसली, अन् त्याची ढेरी सुटून राहिली. वाच. मोठ्यानं वाच."

ते पुस्तक बागाईतीवरचं होतं. मुंबईच्या कोण्या गृहस्थाने शेतकऱ्यांच्या भल्यासाठी लिहिलेलं. सुभद्राने वाचलं, 'वांग्याचे रोप दोन प्रहरी, सूर्य माथ्यावर असता लावावे, म्हणजे त्यास उष्णता मिळून ते जोमाने वाढते.'

पार्वताबाई इतकी हसली की खुशालने बैल थांबवले. "भरदुपारी रोप लावते म्हणे! संध्याकाळपावतर मान टाकीन ना ते. याच्या बायकोनं याले वांगं ताटातच दाखवलं असंन."

पण ती ऐकत राहिली. मिरचीचा भाग आला तेव्हा गंभीर झाली. "हे बरोबर हाय. मिरचीचं यानं कोणाले तरी विचारलेलं दिसते." नत्थुजी परत आला तरी वाचन संपेना. शेवटी त्याने ते पुस्तक आठ दिवसांसाठी तिथेच ठेवलं.

तेव्हापासून रोज दुपारी, मोट थांबली की आंब्याखाली वाचन सुरू झालं. नत्थुजी आला की एक पुस्तक ठेवून जाई, आधीचं घेऊन जाई आणि बदल्यात भाजी नेई. पार्वताबाईच्या कानांना जणू भूक लागली होती. काशीयात्रेचं वर्णन तिला आवडलं. "पायाले फोड आल्याचं लिह्यलं त्यानं. म्हणजे खराच चालला असंन." स्त्रियांनी कसं वागावं याचा उपदेश करणारं एक जाडजूड पुस्तक तिने चौथ्या पानावर थांबवलं. "याच्या घरी याचं कोणी आयकत नसंन, म्हणून छापून काढलं."

ही मतं मळ्यात राहिली नाहीत. भाजी तोलता तोलता ती बाजारात बोलू लागली. आधी बायका गंमत म्हणून ऐकायच्या. मग विचारू लागल्या, "मावशी, या हप्त्यात काय वाचलं?" कचेरीतल्या एका कारकुनाची बायको रुख्मिणी तर रोज यायची. तिच्या नवऱ्याकडे पुस्तकं होती, पण कोणतं घ्यावं आणि कोणतं नाही हे तो आता पार्वताबाईकडून आलेल्या निरोपावर ठरवू लागला.

एक दिवस नत्थुजी तणतणत आला. "मावशी, जरा तोंड आवर ना! उपदेशाचं पुस्तक कोणी हातात घेऊन नाही राहिलं. ज्याच्या दारात जातो, तो म्हणते, हे तं मावशीनं चौथ्या पानावर टाकलं."

"मंग काशीयात्रेचं?"

नत्थुजी जरा वरमला. "ते संपलं. एकबी उरलं नाही."

"किडकं वांगं मी किडकं म्हणून सांगतो, तं पुस्तकाले कावून नाही सांगू? चांगलं आण, चांगलं म्हणीन."

नत्थुजी शहाणा होता. त्या दिवसापासून नव्या मालातली एकेक प्रत तो आधी मळ्यावर आणू लागला आणि मगच बाजारात जाऊ लागला.

अशातच हेमकलेची गोष्ट आली.

पुण्याच्या एका शाळामास्तरांनी लिहिलेली ती कादंबरी होती. वामनराव त्यांचं नाव. हेमकला ही एका व्यापाऱ्याची बायको. नवरा जहाजातून व्यापाराला जातो आणि जहाज बुडाल्याची बातमी येते. सगळे रडतात, पण हेमकला म्हणते, मी मानत नाही. ती पुरुषाचा वेष घेऊन नवऱ्याच्या शोधात निघते. वाटेत चोर, जंगलं, एक दुष्ट दिवाण, आणि दर दहा-पंधरा पानांनी हेमकला मूर्च्छा येऊन पडते.

"पुन्हा पडली?" पार्वताबाई वैतागे. "बाई हाय का लाजाळूचं झाड? घोड्यावर बसता येते, तलवार धरता येते, अन् कोणी जोरात बोललं का आडवी!"

पण तिचा जीव त्या पोरीत गुंतला होता. दुपारी ऐकलेलं ती दुसऱ्या दिवशी बाजारात सांगे. बायका भाजी घेऊन झाली तरी हलत नसत. हमाल पाठीवर ओझं घेऊन थांबत. हेमकला जंगलात वाट चुकली त्या दिवशी रुख्मिणीने घरी स्वयंपाकाला उशीर केला आणि नवऱ्याला कारण सांगितलं, तेव्हा तोही म्हणाला, "मग? सापडली का वाट?"

गोष्ट अगदी रंगात आली असताना रिद्धपूरहून सुभद्राचा भाऊ बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. तिला सातवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. त्या दिवशी त्यांचं वाचन अशा जागी थांबलं होतं की समोर नदीला पूर, नाव वाहून गेलेली, आणि मागून दिवाणाचे घोडेस्वार धुळीचा लोट उडवत आलेले. हेमकला काठावर एकटी. पुढे चाळीस पानं शिल्लक.

पार्वताबाईने सुनेची ओटी भरली, डोळे पुसले, गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. मग घरात येऊन पुस्तक उघडलं. काळ्या मुंग्यांसारखी अक्षरं. तिने पान उलटलं. तिथेही मुंग्याच.

दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्यांचा एकच प्रश्न. "मावशी, हेमकलेचं काय झालं?"

"सून माहेरी गेली."

"अन् हेमकला?"

"ते काठावरच हाय."

तिसऱ्या दिवशीही काठावरच. नत्थुजी मुंबईकडे माल आणायला गेलेला. रुख्मिणीचा नवरा कचेरीच्या कामाने परतवाड्याला. पार्वताबाई एका पोथी सांगणाऱ्या बुवांकडे गेली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "बाईनं पुरुषाचा वेष घेतला? असलं मी वाचत नसतो. आणि तुम्हीही या वयात असलं ऐकू नये." पार्वताबाईने पुस्तक परत घेतलं. "या वयात नाही तं केव्हा आयकू? पह्यले येळच नव्हता."

पाच दिवस तिने कळ काढली. सहाव्या दिवशी तिने खुशालला सांगितलं, "मळा पाह्य. मी रिद्धपूरले जातो."

"कावून? काही निरोप आला का?"

"निरोप नाही. काम हाय."

रिद्धपूरच्या बाजूने कापसाच्या गाड्या भरून यायच्या आणि रिकाम्या परत जायच्या. अशाच एका रिकाम्या गाडीत पार्वताबाई बसली. गाडीत रुईचे पुंजके चिकटलेले होते. दिवसभर हादरे खात ती पोचली तेव्हा दिवस कलला होता आणि तिच्या केसांत, लुगड्यावर, भुवयांवर कापूस होता.

सुभद्राची आई गंगूबाई अंगणात शेणाचा सडा टाकत होती. विहीणबाईंना अशा अवतारात, न कळवता, एकट्या आलेल्या पाहून तिच्या हातातला तांब्याच पडला. "काय झालं, बाई? जावई बरे हायेत ना?"

"बरे हायेत. सुभद्रा कोठी हाय?"

सुभद्रा आतून धावत आली, चेहरा पांढराफटक. "आत्याबाई! काय झालं?"

पार्वताबाईने पदराआडून पुस्तक काढलं. "त्या पोरीचं काय झालं ते सांग पह्यले. सारा बाजार काठावर उभा हाय."

सुभद्रा मोठ्या पोटाला हात लावून हसू लागली आणि हसता हसता खालीच बसली. गंगूबाईला आधी काही कळेना. कळल्यावर तिने कपाळावर हात मारला, आणि मग तीही हसली. "हात पाय धुवा तं आधी!"

"धुतो. तू वाचाले लाग, मले आयकू येते."

हेमकलेने पुरात उडी घेतली. नदीपार झाली. पार्वताबाईने दोन्ही हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा वाचन. गंगूबाई चूल सोडून दारात येऊन बसली, शेजारणी आल्या. हेमकलेला नवरा सापडला. एका बेटावरून सुटून तो घरी परतला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पण पुरुषी वेषात, देशोदेशी हिंडून आलेली बायको पाहून त्याच्या मनात संशय आला. तो एक शब्द कठोर बोलला. हेमकला मूर्च्छित पडली आणि या वेळी उठली नाही. पुस्तक संपलं.

"मेली?" पार्वताबाईने विचारलं.

"मेली, आत्याबाई."

"पान चुकलं असंन. पुन्हा पाह्य."

"नाही चुकलं. इथं 'समाप्त' लिह्यलं हाय."

पार्वताबाई उठली, अंगणात गेली, परत आली. "चोराच्या हातून नाही मेली, पुरात नाही मेली, अन् नवऱ्याच्या एका शब्दानं मेली? तिच्यात तेवढा दम होता तं तिनं त्यालेच इचारलं नसतं का, का बाबा, तू बेटावर काय करत होता?" गंगूबाईने मान डोलावली.

"याच्यानंतर काही लिह्यलं हाय का?"

सुभद्राने शेवटचं पान पाहिलं. "हाय. 'वाचकांनी आपले मत ग्रंथकर्त्यास निःसंकोच कळवावे.' खाली पुण्याचा पत्ता हाय."

"निःसंकोच म्हणजे?"

"लाज न धरता."

"मंग आण कागद."

मठातून कागद आणि बोरू आला. पार्वताबाई बोलली, सुभद्राने लिहिलं. पत्र असं होतं:

'पुण्याचे वामनराव मास्तर यांस अमरावतीहून पार्वता माळीण हिचा रामराम. तुमचे पुस्तक सुनेने वाचले, मी ऐकले. नदीचा पूर फार चांगला लिहिला. पूर तुम्ही पाहिला असावा. जंगल पाहिलेले दिसत नाही, कारण त्यात एकही माशी नाही. हेमकला अकरा वेळा मूर्च्छा येऊन पडते, मी बोटांवर धरले आहे. एवढी पडणारी बाई अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाही. पण ती मला आवडली. म्हणून विचारते की तिला तुम्ही का मारले? तिने काय वाईट केले? बाजारातल्या बायका मला विचारतील, त्यांना मी काय सांगू?'

बाजारात परत येऊन पार्वताबाईने खरं तेच सांगितलं. त्या दिवशी बायका भाजी घेऊन गप्पच घरी गेल्या.

सुभद्राला मुलगी झाली. पोर तीन महिन्यांची झाल्यावर ती सासरी आली, वाचन पुन्हा सुरू झालं. पुण्याहून उत्तर नव्हतं. पुढे आगगाडीचे रूळ बडनेऱ्यापर्यंत आले, लोक गाडी पाहायला जत्रेसारखे जाऊन आले, आणि पत्राचा विषय मागे पडला.

एका सकाळी पुणेरी पगडी घातलेले, काखेत छत्री धरलेले एक सडपातळ गृहस्थ भाजीबाजारात आले. ते ओळीने प्रत्येक टोपलीपाशी थांबत आणि काहीतरी विचारत. शेवटी पार्वताबाईपुढे आले. "इथे पार्वताबाई म्हणून कोणी आहेत का?"

"मीच. वांगे पाह्यजेत का?"

गृहस्थ तिच्याकडे पाहतच राहिले. "म्हणजे तुम्ही खरोखरच आहात?"

"मंग काय खोटी हाय?"

"तसं नव्हे. मला वाटलं, माझ्या कोणी मित्राने थट्टा करायला बाईच्या नावाने पत्र लिहिलं. माझे धाकटे बंधू बडनेरा स्टेशनात नोकरीला लागले आहेत, त्यांच्याकडे आलो होतो. म्हटलं, पाहून तर यावं." त्यांनी पगडी सावरली. "मी वामनराव. ते पुस्तक माझं."

पार्वताबाई उभी राहिली. आजूबाजूच्या टोपल्यांवरून माना वर झाल्या.

"तुमी मारली तिले?"

वामनराव दोन पावलं मागे सरले. "हे पाहा, बाई, ग्रंथाचा शेवट करुण असला म्हणजे तो मनावर ठसतो, असं जाणत्यांचं मत आहे."

"कोण जाणते? ज्याईनं पूर नाही पाह्यला, त्याईचं काय मत?"

तोवर वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. रुख्मिणी पदर सावरत पुढे आली आणि तिने वामनरावांना सरळ विचारलं, "नवऱ्याला संशय आला तर तो मेला नाही, हीच का मेली?" मागून कोणी म्हणालं, "अन् दिवाणाचं काय झालं? त्याले काही शिक्षा नाही?" वामनरावांनी पुण्यात आपल्या पुस्तकावर चार विद्वानांचे अभिप्राय ऐकले होते. ते सगळे भाषेबद्दल होते. हेमकलेबद्दल इतक्या कळकळीने कोणीच बोललं नव्हतं. ते जवळच्या रिकाम्या टोपलीवर बसले आणि त्यांनी छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"खरं सांगू का?" ते हळूच म्हणाले. "मी आधी तिला मारलं नव्हतं. आधी लिहिलं त्यात ती जगते. मित्रांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, पुरुषाचा वेष घेऊन हिंडलेली बाई शेवटी सुखात नांदली असं छापलं तर लोक काय म्हणतील? मी घाबरलो. आणि शेवट बदलला."

पार्वताबाईचा चेहरा एकदम निवळला.

"म्हणजे खोट तुमच्यात नाही. सोबत्याईत हाय," ती म्हणाली. "चला मळ्यात. भाकर खा, अन् तो पह्यला शेवट सांगा. बायांनो, ज्याले आयकाचं असंन त्यानं चला."

त्या दुपारी मळ्यात माणसं मावेनात. सुभद्राने चुलीवर वांगी भाजून भरीत केलं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. वामनरावांनी पहिल्या घासाला पाणी मागितलं आणि दुसऱ्या घासाला आणखी भरीत. मग आंब्याला टेकून त्यांनी आठवेल तसा तो शेवट सांगितला. नवरा कठोर शब्द बोलतो. हेमकला पडत नाही. ती म्हणते, 'मी तुम्हाला शोधायला सात नद्या ओलांडल्या. तुम्ही मला ओळखायला एक उंबरठा ओलांडा.' नवऱ्याची मान खाली जाते, आणि तो उंबरठा ओलांडून बाहेर येतो.

कोणीतरी हुंदका दिला. मग खुशाल मोठ्याने "वाऽ!" म्हणाला, आणि सगळा मळा हसण्या-बोलण्याने भरून गेला. जी ती आपलं मत सांगू लागली. वामनराव कधी इकडे वळत, कधी तिकडे, आणि पेन्सिलीने टिपून घेत.

"तुमचं काय म्हणणं?" त्यांनी पार्वताबाईला विचारलं.

"हा शेवट चांगला हाय. पण मास्तर, तिचं पडणं कमी करा."

दुसऱ्या वर्षी नत्थुजी पुस्तकाची नवी आवृत्ती घेऊन धावत मळ्यावर आला. हेमकला जगली होती. दिवाणाला हद्दपार केलं होतं. जंगलात माश्या होत्या. मूर्च्छा तीनदाच येत होती. प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'अमरावतीच्या पार्वताबाई व इतर वाचक स्त्रियांच्या मतावरून शेवट पूर्ववत केला आहे.' सुभद्राने ते वाक्य चार वेळा वाचलं. पार्वताबाईने छापलेल्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "यातलं पार्वता कोणतं?" तिने विचारलं, आणि सुनेने दाखवलेली तीन अक्षरं बराच वेळ पाहत राहिली.

नत्थुजीच्या डोक्यात मग एक विचार आला. अकोल्याला त्याचं गिऱ्हाईक पुष्कळ होतं आणि मावशीचं नाव तिथेही पोचलं होतं. रूळही आता तिथून जात होते. "मावशी, एकदा चाल अकोल्याले. बाया तुयं मत आयकाले बसल्या हायेत."

पार्वताबाई बडनेऱ्याला आगगाडीत बसली. सोबत सुभद्रा, कडेवर पोर, आणि नत्थुजीचं गाठोडं. गाडी सुटली तशी तिने खिडकीची पट्टी घट्ट धरली. पण मुर्तिजापूर येईपर्यंत ती समोरच्या बाईला काशीयात्रेचं पुस्तक कसं आहे ते सांगत होती.

अकोल्यात तानुबाई नावाच्या शेतकरणीच्या अंगणात बायका जमल्या. तानुबाई पार्वताबाईच्याच वयाची, कापसाच्या मोठ्या शेतीची मालकीण, बोलायला कमी. पार्वताबाईने हेमकलेची गोष्ट सांगितली, पहिला शेवट किती वाईट होता ते सांगितलं, तो कसा बदलला तेही सांगितलं. बायकांनी वाहवा केली.

तानुबाई म्हणाली, "मले तं ते मेली होती तोच शेवट चांगला वाटला."

सुभद्राने सासूकडे चोरून पाहिलं.

"कावून?" पार्वताबाईने विचारलं.

"माई लेक अशीच गेली," तानुबाई म्हणाली. "सासरी एक शब्द बोलले, अन् ते अंथरुणाले खिळली. लोक म्हणत, शब्दानं काय कोणी मरते? ते पुस्तक जावेनं वाचून दाखवलं तवा मले वाटलं, कोणाले तरी ठाऊक हाय. मी त्या दिवशी पोटभर रडली. तवापावतर रडलीच नव्हती."

पार्वताबाई उठली आणि तानुबाईच्या शेजारी जाऊन बसली.

"हे माह्या ध्यानात नाही आलं," ती म्हणाली. "तुयं मत पक्कं हाय."

"पण तुमचा शेवटबी आवडला," तानुबाई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "उंबरठ्याचं लय चांगलं हाय. तसं कोणी बोललं असतं तं..."

"आता आणखी एक सांग. काशीयात्रेचं आयकलं का? नाही? मंग काय आयकलं?"

"ते बागाईतीचं. वांग्याचं चूक हाय त्यात, पण मिरचीचं—"

"मिरचीचं बरोबर हाय!" पार्वताबाई ओरडली.

"मिरचीचंबी चूक हाय," तानुबाई म्हणाली.

आणि त्या दोघी अशा भांडायला लागल्या की परतीची गाडी निघून गेली. सुभद्राने पोरीला तानुबाईच्या पाळण्यात निजवलं, नत्थुजीने गाठोडं सोडलं आणि अकोल्याच्या बायका पुस्तकं हातात घेऊन चाळू लागल्या. पार्वताबाई चार दिवस राहिली. मिरचीवर दोघींचं एकमत झालं नाही, पण तेवढ्या दिवसांत सुभद्राने त्यांना तीन पुस्तकं वाचून दाखवली, आणि त्यातल्या एकाला दोघींनी मिळून दुसऱ्या पानावरच टाकलं.